मुकल्ल्याचा सुलतान आणि माझी सही

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि मी आज तुमच्या नववीच्या वर्गातल्या एका प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. उशिराबद्दल रागवायला तुम्ही नाही, एवढाच काय तो फायदा.

नवी पेठेमागची आपली शाळा, तापलेले पत्रे, इतिहासाचा तास. तुम्ही इंग्रजीत टंकलेला कागद वर्गात फिरवता आणि म्हणता, "सह्या करा." आम्ही मराठी माध्यमाच्या पोरी, सरांचा कागद म्हणून मुकाट सह्या ठोकतो. मधल्या सुट्टीत मी शेजारणीला डब्यातली शेंगाचटणी देते, तर तुम्ही दारात उभे. "कुणाला विचारून दिलीस? माझ्या परवानगीशिवाय कुणाला काही देणार नाही, असं लिहून दिलंयस. बदल्यात मी तुझं रक्षण करायचं." मी रडले. मग तुम्ही चिमूटभर चटणी तोंडात टाकलीत, हसलात, आणि नकाशावर अरबस्तानच्या किनाऱ्याला, एडनच्या पलीकडे बोट ठेवलंत. मुकल्ला. तिथल्या सुलतानाच्या घराण्यानं निजामाच्या फौजेत जमादारी केलेली, म्हणजे आपले शेजारीच, हे तुम्ही फार कौतुकानं सांगायचात. त्यानंही इंग्रजांना असंच लिहून दिलं होतं: आमची जमीन तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही, परक्यांशी बोलणार नाही, तुम्ही आम्हाला सांभाळा. "त्याला इंग्रजी येत नसेल, सर," मी नाक पुसत म्हणाले. "त्याला अरबीत सगळं समजलं होतं की! तरी सही केली. का?" तुम्ही विचारलंत.

आमचे हे गेल्यावर दिरानं सामायिक भिंतीवरून भांडण उकरलं. चार वर्षं रोज तेच. मी थकले, सर, अगदी हाडं दुखेपर्यंत. मुलगा म्हणाला, "आई, तू कशाला डोक्याला ताप करून घेतीस? मी हाय की. तू फक्त सही कर." घर त्याच्या नावावर झालं. मी मरेपर्यंत राहायचं, पण त्याला विचारल्याशिवाय कुणाला ठेवून घ्यायचं नाही. दीर दुसऱ्या दिवसापासून गप्प झाला, हे खरं.

काल मैंदर्गीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, डोळ्याचं आपरेशन हाय. आठ दिस तुझ्याकडंच ऱ्हाते." मी म्हटलं, "विचारून सांगते."

"कुणाला इचारतीस? घर तुझंच हाय न्हवं?"

तर उत्तर असं आहे, सर. भाऊबंदकीला माणूस विटतो, आणि 'मी बघतो' म्हणणारा त्या दिवशी देवासारखा वाटतो. परवानगी मागायची वेळ नंतर येते. तेव्हा दारात आपलंच माणूस उभं असतं.

मुलाला अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही. हे पत्र तरी कुठे पाठवणार, तुमच्या तासाच्या माझ्या जुन्या नकाशाच्या वहीत ठेवून देईन. बहिणीला मात्र मी सांगितलं, की कागद न वाचताच सही केली, फसले गं. ती बिचारी माझ्यासाठी रडली.

कागद मराठीत होता, सर. मी दोनदा वाचला होता.