आखणी कोणी करायची

१२ मे

आज परत तीन गणपती भिंतीकडं तोंड करून ठेवले. आधीचे आठ. अकरा झाले.

केरूदादांचा हात कापतो. दोन महिने बघतेय. डावं बुबुळ वर चढतं, मग गणपती समोरच्या माणसाकडं बघायचा सोडून त्याच्या डोक्यावरनं माळ्याकडं बघतो. आमच्याकडं एकदा आखलेले डोळे पुसत नायत, सासऱ्यांपासनं तसंच. रंग चुकला तर परत मारू, सोंड तुटली तर जोडू. डोळे नाय. म्हणून भिंत.

दादा माझे थोरले दीर, बाहेर सगळे त्यांना केरू मास्तर म्हणतात. तीस वर्षं ह्या कारखान्यातला एक न् एक डोळा त्यांनीच आखला. रोह्याची रोहिणी दरसाल तीनशे मूर्ती विकायला उचलते ती त्या डोळ्यांसाठी. तिनं माझ्या तोंडावर सांगितलंय. जूनच्या सुरुवातीला ती माल बघायला येणार. एक जरी तिरळा दिसला तर गेली ती दुसरीकडं. रोह्याचा माल गेला तर कामाच्या आठ बायकांतल्या चार-पाच तरी मी घरी बसवायच्या.

दादांना सांगायचं कुणी?

१४ मे

पेणला बचत गटाचं शिबिर. विषय — उद्योजक महिलांनी निर्णय कसे घ्यावे. मॅडम म्हणाल्या, पानावर मधोमध रेघ मारा, एकीकडं फायदे, एकीकडं तोटे. मारली रेघ. एकीकडं लिहिलं — डोळे सरळ येतील. दुसरीकडं लिहिलं — दादा. पेन खाली ठेवलं. मॅडम म्हणाल्या, अजून लिहा ताई. अजून काय लिहू, डोंबल! जेवण बरं होतं. परत येताना आमच्या जोह्याची एसटी तासभर नाय.

१७ मे

ह्यांना विचारलं. धाटावच्या कंपनीतनं शिफ्ट करून आले होते. म्हणाले, कारखाना तुझ्या नावावर हाय, तू बघ.

नावावर झाला तो बाईच्या नावानं कर्ज लवकर मिळतं म्हणून. तेव्हा मला कोण विचारत होतं? मागल्या साली पितांबराचा पिवळा कुठला घ्यायचा, तर घरातली सगळी बोलत होती, दारातलं कुत्रं तेवढं गप होतं. आता सख्ख्या भावाला दोन शब्द सांगायचे तर ह्यांना झोप आली.

२० मे

दिशाला, माझ्या सुनेला, मागच्या खोलीत एक मूर्ती दिली. आख म्हटलं. घाबरली. काका असताना मी कशी आखू, म्हणे. काका जेवायला गेलेत, आख!

चार वर्षं ती दादांना रंग कालवून देते. नुसती कालवत नव्हती, बघत होती, हे मला आज कळलं. पहिल्या डोळ्याला अर्धा तास लावला. दुसरा पटकन. मी लांबनं बघितला, खाली बसून बघितला. माझ्याकडंच बघत होता.

बरा हाय म्हटलं. जास्त बोललं की ही पोर रडते.

२१ मे

अजून दोन आखल्या. बऱ्या.

२ जून

रोहिणी आली. भिंतीकडच्या अकरा जणांवर आधीच चादर टाकून ठेवली होती. पुढं सहा मूर्ती मांडल्या. तीन दादांच्या, मागल्या सालच्या उरलेल्या, हात चांगला होता तेव्हाच्या. तीन दिशाच्या. रोहिणीला म्हटलं, बघ, ह्यात कुठली नजरेत खटकते का?

फतकल मारून बसली. लय वेळ बघितलं. मग दादांच्याच एका मूर्तीवर बोट ठेवून म्हणाली, "ही जरा घाईत आखलीय काय गो, मैनाताई? बाकी मास्तरांचा हात तो मास्तरांचा हात!"

मी हसले. तीनशे पक्के करून गेली.

ठरलं.

३ जून

सांगून टाकलं. चहाच्या वेळेला, सगळ्या बायका होत्या. दादा, उद्यापासनं आखणी दिशा करील, तुम्ही अंगाचा रंग मारा, म्हटलं.

दादा म्हणाले, "बरं."

कुंचला धुतला, धोतराला पुसला, डब्यात उभा ठेवला. त्या आठी जणी कपात बघत बसल्या. दिशा उठून आत गेली.

झालं! पाच मिनिटांचं काम. दोन महिने उगाच घोळवत बसले.

५ जून

सीताबाई, म्हणजे दादांची बायको, माझी मोठी जाऊ, भाताचं बियाणं मागायला आली. बियाणं निमित्त. म्हणाली, "तुझ्या सुनेच्या हाताला सोनं लागलं, मैना. आमच्याच हाताला गंज चढला काय ते!"

मी सरळ सांगितलं, भिंतीकडच्या अकरा मूर्ती तू घरी ने, पूज. बियाणं घेऊन गेली.

माझं चुकलं असं मला वाटत नाय. डोळे सरळ येतायत.

१२ जून

दादा रंग मारतात. सोंडेला, पोटाला. दिशा आखताना अडली की मान वळवून त्यांच्याकडं बघते. ते बघत नायत. दिशाला म्हटलं, कामाकडं बघ.

१६ जून

दादा आले नायत. गुडघा दुखत असंल.

१९ जून

गुडघा नाय. हमरापूरला एका कारखान्यात जातात. सीताबाईच सगळ्यांना सांगत फिरते. तिथं दारावर फलक लागलाय, दादांचा फोटो घालून — आखणी, केरू मास्तर.

ह्यांना म्हटलं, जाऊन घेऊन या. म्हणाले, तू घालवलंस, तू आण.

मी कशाला जाऊ? हात कापतो म्हातारपणानं. आठ दिवसांत हमरापूरवाल्यांनापण कळंल.

२६ जून

रोहिणीचा फोन. मास्तर हमरापूरला हायत तर मूर्ती तिथनंच घेते म्हणाली. मग मी खरं ते सांगितलं — तू पसंत केलेल्या मूर्तींत तीन सुनेच्या हातच्या होत्या. म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचंस ना, ताई. मी दोघांच्या नावानं विकल्या असत्या."

तीनशे गेले. पाच बायकांना सोमवारपासनं येऊ नका म्हटलं.

२८ जून

हमरापूरला गेले. दादा खिडकीजवळ उभे, पुढं चार पोरं आखत बसलेली. दादांच्या हातात कुंचला नव्हता. हात कापतच होता, कुणाचं लक्ष नव्हतं.

विचारलं, मग तुम्ही इथं करता काय?

म्हणाले, "पोरं चुकायच्या आधी थांब म्हणतो, गो."

आमच्याकडंपण त्यांना देण्यासारखं एवढं एक काम होतं. मी त्यांना पोटं रंगवायला बसवलं होतं.