चोपणातलं शेवाळ

८ जुलै ७२
जिप्सम टाकलं, पाणी भरलं, काढून दिलं. कालव्याच्या पाण्यानंच हे रान चोपण, खारवट केलं, आता त्याच पाण्यानं खार धुतोय! दादा कोपरगावहून आला होता. थोरला, त्यामुळं बांधावरूनच हुकूम. "यंदा शेवटचं. भात न्हाई आलं तर दसऱ्याला रान विकायचं." हो म्हणालो. थोरल्यापुढं माझी जीभ उचलत नाही.

२१ जुलै
लावणी झाली. इकडं भात म्हणजे लोकांना तमाशाच. "भाताच्या मुलखात, अकोले तालुक्यात सासुरवाडी केली काय रे?" हसू देत. शेतकीच्या साहेबांनी शेवाळाच्या वाळक्या पापड्या दिल्यात, त्या खाचरात उधळल्या. हे शेवाळ हवेतलं नत्र धरतं, चोपणही हळूहळू सुधारतं म्हणे. आई म्हणाली, "हिरीतलं शेवाळ काढण्यात जल्म गेला माजा, आन् ह्यो रानात पेरतोय."

६ ऑगस्ट
धरलं! पाण्यावर हिरवी साय. रोपांना रंग आलाय. कुणाला बोललो नाही, दृष्ट लागायची.

१७ ऑगस्ट
पाऊस नाही. कालव्याची पाळी लांबली. खाचर आटलं, शेवाळ वाळून मातीला पापडी धरून बसलं. पाणी मिळालं की पुन्हा जगेल, असं साहेब म्हणतात. मिळालं की...

१९ ऑगस्ट
संपलं सगळं. बाजारातून आलो तर आई रानात, हातात खुरपं. अर्धं खाचर खरवडून लख्ख. वर्षानुवर्षं पहाटे उठून ती रानावरचा पांढरा खार खरवडते, पाटीनं ओढ्यात नेऊन टाकते. तिला हीसुद्धा पापडीच. मी ओरडलो. "रान तूच घालवलंस" म्हणालो. चार माणसांदेखत. ती पाटी तिथंच टाकून घरी गेली.

२० ऑगस्ट
आई जेवली नाही. शांता म्हणाली, "तुमी जाऊन बोला की." उंबऱ्यापर्यंत गेलो. बायकोचं ऐकून निघालो नि परत फिरलो. लाज वाटते.

५ सप्टें.
पांढरं पुन्हा वर आलंय. भाताचे शेंडे करपले. पाळी मिळणार नाही, पाणी पिण्यासाठी राखलंय. चिडायचं तरी कुणावर? धरणातच नाही.

१२ सप्टें.
आई दोन दिवस ओढ्याकडं जात होती. ओढा कोरडा, म्हणून टाकलेलं सगळं तिथंच पडलेलं. आज पडवीत परात दिसली. तीत वेचून आणलेल्या पापड्या, वर तिच्या प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर. कडेनं हिरवं धरलंय.
"जित्तं हाय रं. म्या न्हाई मारलं."
खाली बसलो आणि रडलो. चुकलो, एवढंच तोंडातून निघालं.
दादाचा निरोप आलाय, गिऱ्हाईक घेऊन येतोय. रानात घालायला घोटभर पाणी नाही.
आई विचारते, "ह्याला ऊन लागतं का सावली?"
ऊन लागतं म्हणालो. तेवढं भरपूर आहे. दोघांनी धरून परात अंगणात ठेवली.