पेवावरचा कडबा

अण्णा, काल कॉलेजातली एक मुलगी घरी आली होती. जुन्या पेवांची माहिती गोळा करते आहे. जमिनीखालच्या खड्ड्यात ज्वारी वर्षानुवर्षं कशी टिकायची, ते तिला हवं होतं. सांगितलं बापडीला. मग तिनं विचारलं, गावची पेवं तुमचे वडील भरायचे ना, मग त्यांनी ते का सोडलं?

एकाहत्तर साल. आपल्या पेवात पाच घरांची ज्वारी भरलेली, आणि तोंड बंद करायच्या दिवशीच तुम्ही तापानं फणफणलेले. बाजेवरून मला सांगता, "कडबा मोडून बघ. कडकन मोडला तरच वर घाल. वल असंल तर दोन दिस थांब." मला पोखर्णीच्या शाळेत हजर व्हायचं होतं. पहिलीच नोकरी, दुपारची एसटी चुकली असती. आदल्या दिवशी अवकाळी शिंतोडे येऊन गेलेले. मी कडब्याचं एकही ताट मोडून पाहिलं नाही. कडबा पसरला, गड्यांकडून वर शिळा ठेवून घेतली, माती लिंपली. वाळला होता का, तुम्ही विचारलंत. खडखडीत, मी म्हणाले.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. पेव उघडलं, आतली हवा बघायला कंदील सोडला, तो विझला नाही तेव्हा गडी उतरला. वरची कमरभर ज्वारी काळी पडून तिचे गठ्ठे झालेले. पाचही घरची माणसं काठावर उभी. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "अण्णा, आता लेकरांनी काय खावं?" तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. "माझीच चूक हाय. तापात ध्यान न्हाई राहिलं," म्हणालात, आणि खालची आपल्या वाट्याची चांगली ज्वारी त्यांना देऊन टाकलीत. आपण वर्षभर रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली. त्यानंतर पेव भरायला तुम्हाला कुणी बोलावलं नाही. मला मात्र तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत. रागावला असतात तर लय बरं झालं असतं.

त्या मुलीला मी सांगितलं, हायब्रीड आली, गोदामं झाली, पेवं मागं पडली. तिनं ते लिहून घेतलं. पत्ता ठेवून गेली आहे. हा कागद तिला पाठवावा असं सकाळी मनात होतं, पण पाठवणार नाही. गावात अजून लोक मला बाई म्हणून मान देतात, वाटेत थांबून नमस्कार करतात. तो मान सोडवत नाही, अण्णा.