धुऱ्यावरचा गवती चहा

॥ श्री ॥
धामणगाव बढे, दि. ६ जानेवारी १९६५

तीर्थरूप इंद्रभानदादास,
धाकटी बहीण वच्छला हिचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडं सारे खुशाल, मीच तेवढी नाही. तू अन् उकंडानं दोन वावरांमधल्या हातभर धुऱ्यापायी बुलढाण्याले कोर्टकचेरी मांडली, ते ऐकल्यापासून माह्या डोळ्याले डोळा लागत नाही. भाकर थापता थापता छाती धडधडते. सासूबाई म्हणतात, भांडण तुह्या भावाईचं अन् भाकरी आमच्या जळतात! परवा खरंच दोन जळल्या.

वैद्यबुवा म्हणाले, पत्तीचा चहा सोड, गवती चहा उकळून पी. मले मायनं धुऱ्यावर लावलेला ठोंब आठवला. घरात कोणाचं बिनसलं की माय चार पानं तोडून आणे, गूळ-सुंठ टाकून पातेल्यावर ताट झाके अन् वाफ जाऊ देऊ नका म्हणून ओरडे. वाटीभर प्याल्याबिगर कोणी उठायचं नाही. तू अन् उकंडा तर एकाच बशीतून फुरके मारायचे!

दोन-चार कोंब पाठवशील? न्हाणीच्या पाण्यावर लावीन. अन् दादा, ते भांडण मिटव रे. लहान आहे तो.

वैनीले नमस्कार. बहिणीवर माया राहू दे.
तुही वच्छला

॥ श्री ॥
वरवट बकाल, दि. १४ जानेवारी १९६५

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पावलं. दोन-चार कोंब काय मागते, येडे? अख्खा ठोंब मुळासकट खणून शेजारच्या रामरावाच्या हाती पाठवून राह्यलो. ते मोताळ्याले लेकीकडं चालले आहेत, तिथून तुह्या गावी येतील. ओल्या मातीसकट पोत्यात बांधला आहे. संक्रांतीचा तीळगूळही त्यातच आहे, मातीत सांडू नको.

भांडणाचं मनावर घेऊ नको. माह्या मनात उकंडाबद्दल काही नाही, त्याचा वकील त्याले चढवून राह्यला. तू चहा पी अन् निवांत झोप. चैत्रात तुले न्यायले येतो. तब्येतीले जप.

तुहा दादा

॥ श्री ॥
वरवट बकाल, दि. २५ जानेवारी १९६५

सौ. वच्छलाताईस उकंडाचा दंडवत.

ताई, एक विचारायचं आहे. आबानं वाटणी केली ती तोंडी, त्या धुऱ्यावरून. कागदावर रेघ नाही. दादा दरसाल नांगराचे दोन-दोन तास धुरा माह्याकडं सरकवत आला. पण मायचा ठोंब त्याच्यानं उपटवला नाही, त्याच्या भोवतून वखर फिरवायचा. म्हणून ठोंब आता दादाच्या वावरात पाच पावलं आत उभा होता. जुन्या धुऱ्याची तेवढीच एक खूण राह्यली होती.

मोजणीवाला वीस फेब्रुवारीले येणार, अन् संक्रांतीच्या आदल्या दिवशी ठोंब गायब! खड्डा बुजवून वरून वखर मारला. वैनी म्हणतात, वच्छलाबाईनं मागतला होता. खरं आहे का ताई? काऊन मागतला? तूही त्याच्याकडून झाली का?

मायनं तो लावला तेव्हा मी रांगत होतो, मले काय ठाऊक जागा! तुले आठवत असेल. ये म्हणत नाही. तुह्या मनाले येईल ते कर.

तुहा उकंडा

॥ श्री ॥
धामणगाव बढे, दि. ३१ जानेवारी १९६५

तीर्थरूप दादास नमस्कार.

पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा मी अंगणात बसून रडली होती. दोन कोंब मागतले तर भावानं ठोंब दिला, असं साऱ्या गल्लीत सांगत फिरली. काल उकंडाचं पत्र आलं. दादा, माह्या दुखण्याच्या आडून हे केलं तू? मले लय राग आला आहे.

मायनं ठोंब लावला तेव्हा पाण्याची घागर माह्या डोक्यावर होती. विहिरीकडून धुऱ्यानं आली, बाभळीपाशी पाणी सांडलं, अन् मायनं पाठीत धपाटा घातला. ती जागा मी डोळे मिटून दाखवीन. वीस तारखेले मी येणार. विचारलं तर खरं सांगणार. मग माहेर तुटलं तर तुटलं, असं लिहिते खरं, पण मले भेव वाटते रे. आबा नाही, माय नाही. तूही दार लावलं तर मी कुठं जाऊ?

ठोंब इथं जगला आहे. काल पानं उकळली, सुंठ टाकली. चहा तसाच ओतून दिला.

रागावला तरी बहीण म्हणवून घेऊ दे.
वच्छला

॥ श्री ॥
वरवट बकाल, दि. १६ फेब्रुवारी १९६५

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

सरकारी माणूस कधी नव्हे तो आठ दिवस आधी आला, बारालेच. तू नव्हती. जुना धुरा कुठून होता, म्हणून त्यानं विचारलं. उकंडा खाली पाहून उभा. मी तोंड मिटलं असतं तर खपून गेलं असतं. मीच बाभळीपासून पावलं टाकली अन् मायच्या ठोंबाच्या जागी टाच रोवून उभा राह्यलो. सारं गाव पाहून राह्यलं होतं. लय लाज वाटली. उकंडा मोजणीची साखळी ओढू लागला. माह्याशी अजून बोलत नाही. त्याची पोरं दारावरून जातात, थांबत नाहीत.

चैत्रात तुले न्यायले येतो. नाही म्हणू नको.

त्या दिवसापासून मले झोप नाही. इथं आता एक पानही उरलं नाही. रामराव पुन्हा मोताळ्याले येऊन राह्यले, त्यांच्या हाती थोडी पानं धाड. अन् दोन कोंब धाड. कुठं लावायचे, ते मले ठाऊक आहे.

तुहा दादा