गाडीच्या नाकातलं धोतर

कुसगाव,
बुधवार

तीर्थरूप आबांच्या चरणी,

श्रीयशचा साष्टांग नमस्कार. (गेला आठवडाभर मी तुमच्या ट्रकखाली आडवाच आहे, त्यामुळे अंगं सगळी जमिनीला लागतात, फक्त पाठीच्या बाजूनं. गोड मानून घ्यावं.) गुडघ्याचे टाके निघाले हे तुमच्या थोरल्या लेकीकडून, इंद्रायणीताईंकडून कळलं. तुम्ही सांगितलेला व्यायाम करत नाही, उलट डॉक्टरांनाच क्लच कसा दाबायचा ते शिकवता, असंही कळलं. खोपोलीचा उकाडा सोसवतो ना? इकडे धुकं इतकं आहे की शेजारच्या शालूबाई काल आपले समजून आमच्या दोरीवरचे कपडे घेऊन गेल्या आणि घड्या घालून परत आणून दिल्या.

फोनवर तुम्ही ‘गाडी कशी हाय?’ असं विचारता आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवून देता, म्हणून हे पत्र. उत्तर जरा मोठं आहे. येत्या रविवारी वडगावचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार, तुम्ही शब्द देऊन बसलात. गाडी म्हातारी झाली, घाटात तिला दम लागतो, काळा धूर सोडते, मागचे हॉर्न मारून जीव खातात, हे तुमचं म्हणणं मी मुकाट्यानं मान्य केलं होतं. (मी भूगोलाचा मास्तर. गाडीतलं मला एवढंच कळतं की तिला सहा चाकं आहेत.) तुमच्या धाकट्या लेकीनं मात्र मान्य केलं नाही. श्रद्धा म्हणाली, “गाडी म्हातारी न्हाई झाली. तिचं नाक चोंदलंय.”

आता पुढचं जरा बसून वाचा, आबा. इंजिन ज्या पाइपातून हवा ओढतं, त्याचं तोंड तुमच्या गाडीत खाली, बंपरच्या मागे आहे. तिथं एक फडकं बांधलेलं निघालं. ते सोडलं तर त्याखाली दुसरं. त्याखाली तिसरं. अशी नऊ निघाली, आणि सगळी तुमच्या धोतराची, काठासकट. वीटभट्टीची धूळ आत जाऊ नये म्हणून दर दसऱ्याला तुम्ही गाडीची पूजा करून नवं फडकं बांधत होता, हा खुलासा गॅरेजवाल्या राजमहंमदचाचांनी केला. जुनं सोडायचं तेवढं राहून गेलं. (दोष देत नाही. माझ्याही कपाटात फाटके मोजे बरेच आहेत.) सगळ्यात आतलं फडकं जमिनीवर ठेवलं तर ते आपल्या पायावर उभं राहिलं. श्रद्धा त्याच्याकडे बघत जोत्यावर बसली, आधी हसली, मग डोळे पुसले आणि म्हणाली, “नऊ वरसं बिचारी धोतरातनं श्वास घेत हुती. तरी घाट चढत हुती.” मला आयुष्यात पहिल्यांदा एका वाहनाबद्दल आदर वाटला.

मला वाटलं, फडकी सुटली, काम संपलं. कसलं काय! श्रद्धानं खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर नकाशा काढला. हवा खालून, धुळीतून ओढायचीच कशाला? पाइप केबिनच्या मागून वर न्यायचा, टपाच्याही वर, आणि तोंड मागे वळवायचं, म्हणजे पाऊसही आत जाणार नाही. मधे मोठा फिल्टर. फिल्टरसाठी डबा पाहिजे. बाजारात मापाचा डबा मिळेना, तशी ती स्वयंपाकघरात गेली, कोठीतले तांदूळ बादलीत ओतले आणि रिकामी कोठी घेऊन बाहेर आली. होय, तीच. लग्नात सासूबाईंनी दिलेली, ‘चि. सौ. कां. श्रद्धा हिस आईकडून, सौ. अनसूया हौशीराम असवले’ असं नाव घातलेली. मी म्हटलं, अगं, त्या गेल्या, आता त्यांची एवढीच तर आठवण आहे आपल्याकडे. ती म्हणाली, “म्हणूनच. आईनं पारखून घेतलेला डबा हाय. झाकणातनं मुंगी गेली न्हाई कधी.” चाचांकडून भोक पाडायचं मशीन आणलं होतं. कापायच्या आधी तिनं नावावरून दोनदा हात फिरवला, आणि अशा बेतानं कापलं की एका अक्षरालाही धक्का लागला नाही. मी कोठी धरून उभा होतो, आबा, तेही डोळे मिटून.

माझाही या कामात हातभार लागला, तो असा. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, हे मी चौदा वर्षं सातवीला शिकवतो आहे. पाइप वर बसवायच्या आधी श्रद्धानं इंजिन चालू केलं आणि मला नुसतं लांबून बघायला सांगितलं. मी जवळून बघितलं. माझी माकडटोपी डोक्यावरून निघाली ती थेट पाइपात. इंजिन ‘घप्प’ म्हणून बंद. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ती खाली उतरली, पक्कड घालून टोपी ओढून काढली आणि लहान मुलीसारखी नाचली. “बघितलं? कसली ओढ हाय!” दाब म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सातवीच्या मागच्या चौदा तुकड्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

शेवटी सांधे तपासायचे होते. कुठं फट राहिली तर फिल्टर चुकवून धूळ आत जाणार. त्यासाठी तिनं उदबत्ती पेटवली आणि इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्याभोवती सावकाश फिरवली. धूर आत ओढला गेला की तिथं फट. दोन ठिकाणी सापडली, क्लॅम्प आवळले, मग धूर सरळ वर जायला लागला. (शालूबाईंनी हे कुंपणावरून बघितलं. गाडीपुढं उदबत्ती आणि डब्यावर सासूबाईंचं नाव. त्या नारळ घेऊनच आल्या. आम्ही काही समजावलं नाही. नारळ फोडला.) चाचांनी कान लावून बराच वेळ ऐकलं. एवढंच म्हणाले, “हौशीरामला म्हणावं, ही तुझीच गाडी हाय, वळखू यायची न्हाई.”

हे सगळं तुला कुठून येतं, असं मी तिला विचारलं. आबा, शाळेत सोडताना तुम्ही तिला केबिनमधे इंजिनाच्या झाकणावर बसवत होता. तुम्हाला वाटायचं, पोर उबेला झोपली. ती झोपत नव्हती, ऐकत होती. स्टिअरिंगला तुम्ही तिला कधी हात लावू दिला नाहीत. कानांना मनाई करायचं तुमच्या लक्षात आलं नसावं. बारा वर्षं मी हिच्याबरोबर संसार करतो आहे आणि ही कोण आहे ते मला गेल्या आठवड्यात कळलं. अजून नीट विश्वास बसत नाही.

प्रकृतीस जपावं. इंद्रायणीताईंना नमस्कार.

आपला जावई,
श्रीयश

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. रविवारच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवावं आणि गाडी श्रद्धाच्या हाती द्यावी, ही हात जोडून विनंती. ती तुमच्याकडे कधी मागणार नाही. मी लिहिलं हे तिला कळू देऊ नये.

दुसरा ता. क. : अवजड वाहनाचं लायसन तिनं गेल्या वर्षीच काढलं आहे. मलाही परवा कळलं. रागावू नये. निदान माझ्यावर तरी.

आबा, पाकीट मी चिकटवतीय, म्हणून वाचलं. गिऱ्हाइकाला मी सोमवारीच नको सांगितलंय. शनिवारी सकाळी गाडी घिऊन खोपोलीला येतीय, पिशवी भरून ठिवा. घाट मी चढवणार. तुमी क्लीनरच्या बाजूला बसायचं आणि गिअर कवा बदलायचा ते सांगायचं न्हाई. अगदीच ऱ्हावलं न्हाई, तर एकदाच सांगा. — श्रद्धा