देवीची शेजारीण कोण

कामोठे, तालुका पनवेल
माघ महिना, सन १९५७

चिरंजीव बळीराम यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, सोनाबाईचा, हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज आणि मग पुढे वाच. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर विडीही गेली नसेल, हे मला कामोठ्यात बसून दिसतं. शांतीला आशीर्वाद सांग. तिने पाठवलेली सुकट फार चांगली होती असंही सांग (खारट होती, ते सांगू नकोस). पत्र धाकटी सून दमयंती लिहिते आहे. ती पनवेलच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली, त्यामुळे मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. वाचताना कोणी मामलेदारीण बोलते आहे असं वाटलं तर बिचकू नकोस, आत मीच आहे.

आता इकडची गंमत ऐक. खाडीकाठचं आमचं जुनं गाव तू पाहिलेलं आहेस. माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधी कधीतरी तिथला बांध फुटला, विहिरीत खारं पाणी शिरलं आणि सगळं गाव उठून वर माळावर आलं. माणसं आली, गुरं आली, वासेसुद्धा खांद्यावर आले. देवी तेवढी आली नाही. तिला कौल लावला तर म्हणाली, मला इथला वारा मानवतो. (मलाही या घरात उकडतं, पण मला कोण कौल लावतो?) तेव्हापासून खाली नुसती घरांची जोती उरली आहेत, आणि त्यांच्यामध्ये देवी एकटी. चैत्रात पालखी खाली जाते आणि देवीची पहिली ओटी तिची शेजारीण भरते. शेजारीण म्हणजे जिच्या घराचं जोतं देवीला सर्वांत जवळ, ती. ते जोतं आमचं. आधी माझी सासू शेजारीण होती, तिच्यामागे मी. यात कोणाचा काही वाद नाही, फक्त आमचे चुलत दीर दाजी यांच्या बायकोचा, चंद्रावतीचा आहे. ती म्हणते, ते जोतं त्यांचं, आणि आमचं म्हणजे त्याच्या मागचं, ज्यावर बोराटीची जाळी माजली आहे. गेल्या चैत्रात तर ती माझ्या आधी खण-नारळ घेऊन देवीपुढे जाऊन उभी राहिली. दोघींचे नारळ हवेत, पालखी खोळंबलेली, ढोल थांबलेला. शेवटी पंचांनी दोघींना बाजूला केलं, ओटी गुरवाकडून भरवली आणि सांगितलं की पुढच्या चैत्राआधी निकाल लावू. बळीराम, इतकी वर्षं मी त्या देवीशी शेजारणीसारखं बोलले. सुनांची गाऱ्हाणी तिलाच सांगितली (दमयंती, हेही लिही). आता मला कोणी उठून सांगावं की तू मागच्या आळीतली?

अशात पौषात पुण्याहून परचुरे मास्तर आले. हे मेलेल्या गावांचा अभ्यास करतात. जिवंत गावांचा का करत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, जिवंत गावं फार बोलतात. माणूस मला तिथेच आवडला. दिवसभर उन्हात फिरायचं, बांध कुठून कुठे जातो, विहीर कुठे, पायवाट कुठे वळते ते बघायचं, कागदावर रेघा मारायच्या, आणि जमिनीवरचं फुटकं खापर असं उचलायचं की जणू एखाद्याचं दुधाचं लेकरू. मी म्हटलं, मास्तर, खापरंच हवीत तर माझ्या सुना तुमच्याकडे पाठवते, त्यांच्या हाताला यश आहे. ते हसले, पण म्हणाले, खापर महत्त्वाचं नाही आजी, ते कुठे पडलं आहे ते महत्त्वाचं. हे वाक्य मी तेव्हा कानामागे टाकलं, त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

पंचांना वाटलं, माणूस शिकलेला, परका, त्याला ना मी सख्खी ना चंद्रावती. हेच ठरवू देत, जोतं कोणाचं. झालं! मास्तर उतरले होते दाजींच्या ओटीवर, म्हणजे चंद्रावतीचा चहा रोज त्यांच्या पोटात. मी स्वस्थ कशी बसेन? खाडीचा ताजा जिताडा, हातभर लांब, पानात गुंडाळून धाडला. पनवेलला कुठल्याही साहेबाचं काम असलं की लोक हेच करतात. पण मास्तर मासळीला शिवत नाहीत! माझा जिताडा चंद्रावतीने खाल्ला, आणि वर निरोप धाडला की कालवण बरं झालं होतं, अजून असला तर पाठवा.

मग निरोप आला की उद्या मास्तर देवीजवळचं जोतं नीट बघणार. आता तूच सांग, पाहुणा घर बघायला येणार आणि घर असं, काटेकुटे, खापरं, शेळीच्या लेंड्या? आम्ही काय जंगली माणसं? पहाटेच दोन्ही सुनांना घेऊन खाली गेले. खराट्याने जोतं लख्ख झाडलं, होती नव्हती ती खापरं टोपल्यांत भरून खाडीत ओतली, आणि शेणाने सारवायला घेतलं. तेवढ्यात चंद्रावती तिच्या सुनांना घेऊन हजर.

“जोतं आमचं हाय, तुमी कशाला सारवता?”

“तुज्याच्यानं एवढं सारवलं जायाचं नाय, म्हणून.”

झालं, तिने पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाकडून सारवायला लागली. मधोमध आमची बोटं बोटांना लागली तरी दोघी थांबलो नाही. आम्हाला बघून गावातल्या बायकांनीही आपापलं म्हणून एकेक जोतं धरलं. ऊन वर येईपर्यंत सगळं मेलेलं गाव दिवाळीसारखं उजळलं होतं, दारोदार पिठाची रांगोळी. फक्त दारं नव्हती.

मास्तर आले. टोपी काढली. एका दगडावर बसले. मला वाटलं, कौतुकाने. मग त्यांनी हळूच विचारलं, इथली खापरं कुठे आहेत? मी खाडीकडे हात केला. त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी शत्रूला, म्हणजे चंद्रावतीला, पाणी आणायला पाठवलं, आणि ती मुकाट्याने गेलीही.

पण मी सारवणात पाणी थोडं जास्त घातलं होतं (सूनही तेच म्हणत होती, पण सुनेचं ऐकायचं असतं का?). ते पाणी सगळं एका कोपऱ्याकडे धावलं आणि दगडांमधल्या एका चरातून बाहेर पडलं. मास्तर ताडकन उठले, गुडघ्यांवर बसले, चर बघितला, कडेचे भोकं पाडलेले दगड बघितले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा माणसासारखा झाला. म्हणाले, आजी, इथे चूल नव्हती, उंबरा नव्हता. ही भोकं दावी बांधायची, आणि हा चर म्हशींचं मूत्र वाहून जायचा. हे घर नव्हे. हा गोठा होता, अख्ख्या गावाचा.

म्हणजे बळीराम, इतक्या पिढ्या देवीची शेजारीण म्हैस होती. चंद्रावती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते. आधी ती हसली का मी, यावर अजून वाद आहे. मास्तर म्हणाले, तुम्ही सारवलं नसतं तर हे मला कळायला आणखी एक हिवाळा गेला असता, पण कृपा करून पुन्हा सारवू नका.

पंचांनीही निकाल दिला. शेजारीण म्हैस, तर तिचा मान तिला. ज्या घरी चैत्रात दुभती म्हैस असेल त्या घरच्या बाईने देवीला दूध घालावं आणि पहिली ओटी भरावी. दाजींकडे नुसते बैल आहेत आणि आमची म्हैस आटली आहे. पण मी आता मनातून मान काढून टाकला आहे. वय झालं. ओटी कोणीही भरो, देवीचं पोट भरल्याशी कारण. मी समाधानी आहे. मुलांना पापे.

तुझी बहीण,
सोनाबाई

ता. क. – तुझ्याकडची कोणती म्हैस फाल्गुनात व्यायची आहे? जी असेल ती वासरासकट इकडे पाठवून दे. चैत्र झाला की परत नेशील.

आणखी ता. क. – चंद्रावती मघापासून इथे पान खात बसली आहे. तिने सगळं ऐकलं. ती म्हणते, म्हैस दोघींच्या नावाने मागव, दोघी मिळून ओटी भरू. मी म्हटलं, बरं, तसं लिही. तेव्हा दोघींच्या नावाने पाठव. (हे पुढचं मी दमयंतीच्या कानात सांगते आहे: म्हैस थेट माझ्याच दारात आणून बांध. चंद्रावतीला कुठे वाचता येतं!)

मामांना दमयंतीचा नमस्कार. सासूबाईंनी एका कानात सांगितलं ते वर लिहिलं आहे. त्या तंबाखू आणायला आत गेल्या, तेव्हा चंद्राकाकूंनी दुसऱ्या कानात हेच सांगितलं, फक्त दार त्यांचं. मामा, दोन म्हशी पाठवा.