भिंतीला फुटलेला कापूस

तीर्थस्वरूप दादा यांस,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. सध्या आमच्या घरात जमिनीला आठ काय, दोनच अंगं टेकवायची सोय आहे, आणि तीही चपलांसकट.) इकडचं सगळं क्षेम आहे, म्हणजे माणसांचं. फर्निचरचं विचारू नका. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना आमच्याकडे मात्र पाठवू नका, इथे जो येतो तो शिंकतो.

परवा आपण एवढा बसचा प्रवास करून आमचं भिजलेलं घर बघायला आलात, जेवलात, घरातल्या एकमेव कोरड्या खाटेवर घटकाभर झोपलात आणि जाताना एक शब्द वावगा बोलला नाहीत, हे मी विसरणार नाही. (झोपेत मात्र बरंच बोललात. माझे कान कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. हेडमास्तरकी सोडून एवढी वर्षं झाली तरी आपण अजून कुणाला तरी बाकावर उभं करता.) आपण गेल्यावर जे घडलं ते कळवणं माझं कर्तव्य आहे. पण ते नीट कळायला आधीचंही थोडं सांगावं लागेल. आपण आलात तेव्हा आई खाटेशेजारी बसून होती आणि तिच्यासमोर मला मोकळेपणी बोलता आलं नाही.

आम्ही लग्नाला गेलो आणि मागे बेसिनखालची नळी निसटली, हे आपण ऐकलंच आहे. परत येऊन कुलूप काढलं तर आईची घरातली चप्पल आमच्या स्वागताला पोहत दारापर्यंत आली. सोफा फुगला होता. दारं फुगली होती. गाद्यांनी तर जन्माची तहान भागवून घेतली होती. मी लगेच बाह्या सरसावल्या. ज्या माणसानं फूटपाथवर एक पोतं अंथरून, त्यावर एक स्क्रूड्रायव्हर मांडून धंदा सुरू केला, आणि आज ज्याच्या दुकानात पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी आजाऱ्यांसारख्या रांगेत उभ्या असतात, त्याला स्वतःचं घर वाळवता येऊ नये? मी नुसत्या आवाजावरून सांगतो की मोटारीचं कुठलं बेअरिंग गेलंय. लोक मला फोनवरून पंखा ऐकवतात. पण आपली बहीण मला ओळखून आहे. (आमच्या फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा विझतो आणि बंद केलं की लागतो. तो मीच दुरुस्त केला होता. पण तो विषय वेगळा.)

ती म्हणाली, घर सुकवणारा माणूस मी बोलावलाय. त्याची यंत्रं येतील. घर कोरडं झालं असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मी त्याच दिवशी परत येईन. पण तुमचा पाना त्या यंत्रांना लागला असं कळलं, तर मी लेकीकडेच राहीन, थंडी संपेपर्यंत, आणि आईंनाही बोलावून घेईन. एवढं बोलून ती लेकीकडे गेली आणि पहाऱ्याला आईला ठेवून गेली. दादा, लोकांच्या घरी सासू-सुनेची भांडणं होतात म्हणे. माझ्या वाट्याला युती आली.

तिच्यावाचून माझं काही अडत नाही असं मी पहिल्या दिवशी दुकानात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझे मोजे घरात नेमके कुठे राहतात हे शोधण्यात सकाळ गेली. तिसऱ्या दिवसापासून मी मोजे सोडले. तेव्हा ती लवकर यावी आणि त्यासाठी मी हाताची घडी घालून बसावं, एवढंच माझ्या हातात होतं. आता हाताची घडी घालून बसणं मला किती जमतं ते आपण जाणताच.

घर सुकवणारा आला. आईनं त्याचं नाव वाळवंट ठेवलं. हसत नाही, चहा घेत नाही, बसा म्हटलं तर ओल्या सोफ्याकडे बघून उभाच राहतो. त्यानं दोन यंत्रं आणली. एक भला मोठा पंखा, जमिनीवर बसून गोगलगायीसारख्या तोंडातून वारा फेकणारा. दुसरी एक पेटी, हवेतली ओल ओढून पोटातल्या बादलीत साठवणारी. शिवाय त्याच्याकडे दोन सुयांचं एक मीटर आहे. ते तो भिंतीला टोचतो, आकडा बघतो आणि दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणतो, "अजून ओल आहे, काका." (मला काका म्हणतो. त्याच्या स्वतःच्या मिशा पांढऱ्या आहेत.)

पेटी रोज बादलीभर पाणी ओढी आणि मीटरचा आकडा जागचा हलेना. वाळवंट बुचकळ्यात पडला. कुठेतरी लपलेली गळती असणार म्हणून त्यानं हॉलच्या कोपऱ्यातल्या फरशा उचकटल्या. तिथे एक कंगवा सापडला. न्हाणीघराची भिंत खोदली. तिथे भिंतच सापडली. शेवटी तो ठोकाठोक करत असताना माझ्या कानांना पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मी त्याला खांद्याला धरून हॉलमध्ये नेलं. बाल्कनीत ओलं सामान रचल्यामुळे आईनं तिच्या सगळ्या कुंड्या हॉलमध्ये आणून ठेवल्या होत्या, आणि पेटीतली बादली काढून ती कुंड्यांना पाणी घालत होती. कुंड्या तळातून गळत होत्या. पेटी ओढत होती, आई ओतत होती.

"आजी," वाळवंट हताशपणे म्हणाला, "हे पाणी याच घरातलं आहे हो."

"मग घरच्याच झाडांना घातलं ना," आई म्हणाली. "शेजाऱ्यांच्या नाही घातलं."

कुंड्या जिन्यात गेल्या आणि आकडा उतरू लागला. आता वाट बघायची, एवढंच काम होतं. पण त्या गोगलगायीला एक आवाज होता. वाऱ्याचा नव्हे, तो तर आपणही ऐकलात. वाऱ्याच्या खाली एक बारीक कुरकुर होती, दाताखाली खडा यावा तशी. बेअरिंग कोरडं पडलं होतं आणि पात्यांवर कुठकुठल्या घरांची धूळ बसली होती. मी वाळवंटला सांगितलं. तो म्हणाला, मला तर काही ऐकू येत नाही. मी कानात कापूस घातला. कुरकुर कापसातून आली. मी दुकानात जाऊन बसलो तर तिथेही तीच आठवत राहिली आणि एका गिऱ्हाइकाचा चांगला मिक्सर मी उगाच उघडला. दादा, ज्याला ऐकू येत नाही तो सुखी. माझ्यासारख्यानं कुरकुर ऐकून गप्प बसायचं म्हणजे आपण चुकीचे पाढे म्हणणारं पोर ऐकून गप्प बसण्यासारखं आहे.

तरीही मी गप्प बसलो होतो, हे आपण लक्षात घ्या. पण परवा निघताना, बूट घालता घालता, आपण म्हणालात, "यंत्र जरा आवाज करतंय, नाही?" वडीलधाऱ्या माणसाचे शब्द मी कधी खाली पडू दिलेले नाहीत.

आपण रिक्षात बसलात. आई शेजारी गेली. पेंटर हॉलच्या वरवर वाळलेल्या भिंतींना नुकताच पहिला हात देऊन चहाला गेला होता. पेंटरबद्दल एवढंच सांगतो की तो फार मितभाषी आहे आणि रंग फार दाट लावतो. हॉलच्या मधोमध आमच्या गाद्या उसवून सगळा कापूस वाळत घातला होता. मी पाना घेतला. बेअरिंगला ग्रीस दिलं, पाती पुसली. आणि हात घातलाच आहे तर म्हणून त्याचा वेग अडवणारा एक छोटासा भाग होता, माझ्या मते निव्वळ अडथळा, तो काढून बाजूला ठेवला. बटण दाबलं. कुरकुर नाही. इतका गोड आवाज की मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

डोळे मिटायला नको होते. पंखा आधी थरथरला, मग मागे सरकला, मग वळला आणि त्यानं तोंड कापसाकडे केलं. पुढचं मी पाहिलं असं म्हणवत नाही, कारण काही दिसतच नव्हतं. चाचपडत बटण बंद केलं आणि हळूहळू सगळं खाली बसलं. जे खाली बसलं नाही ते ओल्या रंगाला चिकटलं. जमिनीपासून छतापर्यंत, चारही भिंती. दादा, आमच्या हॉलला लोकर आली होती. एखाद्या मेंढीच्या पोटात शिरून आतून बघावं तसं दिसत होतं. (मेंढीला लोकर बाहेरून असते हे मला माहीत आहे. मी मनाची अवस्था सांगतोय.)

पेंटर चहा पिऊन आला. दारात उभा राहून त्यानं चारही भिंती नीट पाहिल्या. भिंतीवर एक बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. मग म्हणाला, "छतालापण असंच करायचं का?"

पाठोपाठ आई आली. तिनं भिंतींकडे पाहिलं, माझ्या भुवयांकडे पाहिलं (तिथेही कापूस होता), आणि सरळ फोनच्या दिशेनं चालू लागली. मी आडवा गेलो. म्हटलं, आई, मीच सांगतो, माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

सांगण्यासारखी गोष्ट अशी की संध्याकाळी वाळवंट आला, त्यानं एका जागचा कापूस बाजूला करून भिंतीला मीटर टोचलं आणि बराच वेळ बघत राहिला. दुसरीकडे टोचलं. तिसरीकडे टोचलं. मग पहिल्यांदाच त्याच्या मिशा हलल्या. "कोरडी आहे, काका. खडखडीत." पंखा लावून बघितला, त्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, हे कुणी केलं? त्याला अजून चार घरी हाच पंखा न्यायचा आहे आणि आता दुसरा नको म्हणतो.

म्हणजे आपल्या बहिणीची पहिली अट शब्दशः पुरी झाली. दुसरीबद्दलही मी तिला फोनवर सगळं व्यवस्थित सांगितलं आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. काळजीचं काही कारण नाही. पेंटर भिंती खरवडतोय. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. आपल्या बहिणीचा फोन आला तर यंत्र आपण उघडलं होतंत, एवढं कबूल करावं ही नम्र विनंती. आपण त्या दिवशी घरात होतात, आवाजाबद्दल पहिला शब्द आपणच काढलात, आणि आपल्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या कोऱ्या पाटीवर एवढासा डाग कुणाला दिसणारही नाही. माझ्या पाटीवर आता जागाच नाही.

ता. क. २. वरील विनंती ही विनंती नसून नुसती सूचना समजावी, कारण मी तिला तसं सांगून टाकलं आहे. आईचीही साक्ष झाली. आपण बूट घालताना जे बोललात ते तिनं ऐकलं होतं. मी फोनवर पुढे जे जोडलं ते तिनं मन लावून ऐकलं नाही, त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

ता. क. ३. आत्ताच लेकीकडून फोन आला. आपली बहीण आपल्यावर मुळीच रागावलेली नाही. "दादानं चांगल्यासाठीच केलं असणार," असं म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. ती उद्या परत यायला निघते आहे. पण दादाला या वयात यंत्रातलं एवढं कळायला लागलं म्हणून तिला फार अभिमान वाटतो आहे, आणि लेकीचा मिक्सर गेले काही दिवस धूर सोडतो, तेव्हा तो घेऊन ती आधी आपल्याकडे उतरणार आहे. मिक्सर पुढ्यात ठेवून घ्यावा, गंभीर चेहऱ्यानं दोनदा "हं" म्हणावं, आणि उघडू नये. हे पत्र आजच्याच बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे, आणि उद्या मी तिच्या आधीच्या बसनं येतो आहे. मागचं दार लावू नका.